तीन दगडांची चूल

मी तापट माणूस आहे. हे मी नाई म्हणत, माही बायको शमीम म्हणते. सिंदेवाहीच्या स्टँडवर कोणालेही विचारा, नूर मोहम्मद ऑटोवाला म्हटलं का पहिले हेच सांगतीन. पण शाळेच्या पोरायचा ऑटो चालवणारा माणूस थंड डोक्याचा राहीन तरी कसा? उन्हाळ्यात सकाळची शाळा. जंगलाकडच्या शेवटच्या टोल्यापासून, म्हणजे वस्तीपासून, पोरं गोळा करत या. एकाची चप्पल सापडत नाई, दुसरीची रिबिन सापडत नाई, आन शाळेचं गेट बंद झालं तर बोल मले. मंग मी हॉर्न वाजवतो. असा वाजवतो का गावचे कुत्रे पण दप्तर घेऊन निघाले पायजे.

पण ही जी गोठ सांगतो, ती माही नाई, वारलूची आहे.

वारलू म्हणजे त्या शेवटच्या टोल्यावरचा धानाचा शेतकरी. उंच, काटकुळा, आन आवाज असा का धानाच्या बांधीत बैलाशी बोलला तरी रस्त्यावर मले ऐकू येते. खाऊनपिऊन सुखी घर. कोठीत धान, परसात कोंबड्या, बायको मनकर्णा कामाले वाघीण, आन दोन पोरी. मोठी रीता नववीत, लहान निशा पाचवीत. दोघी माह्याच ऑटोत. मी वारलूले चिडवाले 'पाटील' म्हणतो. त्याच्या सात पिढ्यांत कोणी पाटील नोता, पण त्याले ते मनातून आवडते आन वरून तो खोटंखोटं चिडते.

आन अडेलतट्टू किती! एकदा अडला का त्याच्यापेक्षा बैल परवडला. नेमाचा तर असा पक्का का विचारू नका. नवा धान देवाले दाखवल्याशिवाय तोंडात घालणार नाई. बैलाले चारा टाकल्याशिवाय स्वतः पाणी पिणार नाई. इथपर्यंत ठीक आहे बाप्पा, चांगलंच आहे. पण एक नेम असा होता का ऐकूनच माहं डोस्कं फिरे. तो होता मोहाचा नेम.

होळी आली का आमच्याकडे मोह गळाले लागते. रात्रभर फुलं टपटप पडतात, आन ऊन चढाच्या आत ती वेचून घ्यावी लागतात, नाई तर गुरं-हरणं फस्त करतात. म्हणून बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. वाघाचं भेव, म्हणून घोळक्यानं, मोठमोठ्यानं बोलत. मोसमभर अर्धा टोला पहाटे झाडाखाली असते. वारलू आन मनकर्णा दोघंही जात. आन वारलूच्या घरचा नेम असा, का मोसमभर रोज मोहाची पहिली टोपली उंबरठ्याच्या आत आल्याशिवाय चूल पेटवाची नाई. भात नाई, भाकर नाई, कोरा चहा पण नाई. आता टोपली येणार चांगलं ऊन तापल्यावर. तोवर पोरी शाळेत जाऊन बसलेल्या.

"काऊन गा पाटील," मी एकदा म्हटलं, "तुही चूल पेटली का नाई, हे मोहाले कसं समजते?"

"माह्या मायचा नेम आहे," वारलू म्हणे. "माय होती तोवर तिनं पाळला, आता मी पाळतो. तुमच्या रोज्याले मी कधी विचारलं का, काऊन ठेवता म्हणून?"

"अरे, रोज्यात लहान लेकरायले सूट असते!"

"आमच्यात नाई," म्हणे, आन गेला तरातरा. घ्या!

त्याची रीता म्हणजे माह्या ऑटोची कंडक्टर. कोण कुठी बसन, कोणाचं दप्तर कुठी राहीन, सगळं तीच ठरवे, आन लहान पोरं माह्यापेक्षा तिलेच जास्त भेत. खो-खोत अशी पळे का खेळाचे सर म्हणत, हिले तालुक्याच्या टीममधी घेतोच. पण त्या वर्षी होळीनंतर पोरगी बदलली. ऑटोत बसली का दांड्याले डोकं टेकून डोळे मिटून घे. मागं पोरं एकमेकायच्या झिंज्या उपटून राह्यली, तरी हिचं लक्ष नाई. निशा तर कशावरूनही रडे. पेन्सिलीचं टोक तुटलं तरी रडे, नाई तुटलं तरी रडे.

एक दिवस पोरायले सोडून मी गेटसमोरच्या टपरीवर चहा घेऊन राह्यलो होतो. आत प्रार्थना चालू होती. ती मधीच थांबली आन गलका झाला. निशा रडत गेटपाशी आली. "चाचा, ताई पडली!" कप तसाच टाकून मी आत पळालो. रीता मैदानात मातीत आडवी. तोंड पांढरं फटक, हात थंडगार, कपाळावर घाम. शाळेच्या मॅडमनं तोंडावर पाणी मारलं, साखरेचं पाणी पाजलं, तसे तिनं डोळे उघडले. आन उघडल्याबरोबर काय म्हणावं पोरीनं? "सर, मले टीममधून काढू नका." बाप्पा रे! माहा जीव इथी खालीवर होऊन राह्यला आन हिले खो-खो सुचते.

शाळेनं वारलूले फोन लावला. तो मोठ्या भावाच्या, पत्रूच्या, फटफटीवर मागं बसून आला तो थेट झाडाखालूनच. दुपट्ट्याले मोहाचा वास, पायाले माती. पोरगी आता उठून बसली होती, पण यानं तिले 'काय झालं' म्हणून विचारलंच नाई. तिची पापणी खाली ओढून पिवळं दिसते का ते पाहिलं. गुडघे दाबले, मनगटं दाबली.

"दुखते का वं? हाडं दुखतात का? पाठ? खरं सांग."

"नाई बाबा. नुसतं गरगरलं."

तेव्हा मले समजलं याच्या डोक्यात काय चालू आहे. पत्रूचा पोरगा आदेश, त्याले सिकलसेल आहे. आमच्या भागात हा आजार कोणाले समजावून सांगावा लागत नाई. रक्तातला आजार, मायबापाकडून लेकराले येते. आदेश लहान होता तेव्हा त्याचे हाडं दुखाले लागले का असा वरडे का टोल्यातले लोक घराबाहेर येऊन उभे राहत. पत्रू भांबावून जाय. मंग वारलूच त्या पोराले पाठीवर घेऊन दवाखान्यात पळे. आता आदेश मोठा झाला, गोळ्या वेळेवर घेते, बरा आहे. पण वारलूच्या कानात तो वरडा बसला तो बसलाच.

"भावाच्या घरी आला, आता माह्या घरी आला," तो मले म्हणे. अगदी हळू म्हणे. वारलूले मी आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलताना ऐकलं, आन मलेच भेव वाटलं.

पोरीले ऑटोत घातलं आन दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडम तरणी, बाहेरगावची, नवीनच आलेली. वारलूनं बसाच्या आधीच सांगून टाकलं, का भावाच्या पोराले सिकलसेल आहे, शाळेत तपासणी झाली त्या दिवशी रीता मामाच्या गावी गेली होती, म्हणून तिची राहून गेली. मॅडमनं डोळे पाहिले, नाडी पाहिली.

"रक्त थोडं कमी वाटतंय," मॅडम म्हणाल्या. "घरात आजार आहे, तर तपासून घेऊ. पक्का रिपोर्ट जिल्ह्याहून येतो, आठवडाभर लागेल. खातेपिते ना नीट?"

प्रश्न रीताले होता. उत्तर वारलूनं दिलं. "खाते जी! भात, वरण, भाजी, अंडे. माह्या घरी खाले कमी नाई."

खोटं नोतं ते. संध्याकाळच्या ताटात सगळंच असे. रीतानं बापाच्या तोंडाकडे पाहिलं आन गप बसली.

"बरं. रिपोर्ट येईपर्यंत हिला उपाशी ठेवायचं नाही. सकाळी उठल्यावर लवकर काहीतरी पौष्टिक खायला द्या, पाणी भरपूर द्या. आणि सध्या पळापळ नको."

"हाव जी," वारलू म्हणे. मॅडमनं झाडावर चढ म्हटलं असतं तर चढला असता तो तेव्हा.

आता आली ना पंचाईत! मॅडम म्हणते उठल्याबरोबर खाले दे, आन मायचा नेम म्हणते मोह आल्याशिवाय चूल नाई. मनकर्णाबाईनं मले मंग सांगितलं, त्या संध्याकाळी वारलू अंगणात नुसता येरझारा घाले. शेवटी परसातून तीन दगड उचलून आणले आन अंगणाच्या कोपऱ्यात मांडले.

"घरची चूल पेटत नाई," तो म्हणे. "ही अंगणातली आहे. आजाऱ्यासाठी."

नेमही राहिला आन मॅडमचा शब्दही राहिला. अडेलतट्टू असला तरी डोक्याचा काई कमी नाई आमचा पाटील.

दुसऱ्या दिवसापासून मनकर्णा टोल्यातल्या बायायसंगं मोहाले जाय आन वारलू घरी थांबे. मी ऑटो घेऊन पोहोचलो तर अंगणात धूरच धूर. वारलू डोळे पुसत चुलीवरच्या गंजात पळी फिरवून राह्यला.

"काय करून राह्यला गा?"

"पेज."

जन्मात कधी चुलीपाशी बसला नोता. पेज खालून जळलेली, वरून तांदूळ कच्चा. रीता नाक दाबून एकेक घोट घे आन बाप समोर उकिडवा बसून तिच्या तोंडाकडे पाहे. मी सवयीनं हॉर्न वाजवला.

"आणखी एकदा वाजवा नूरभाऊ, चाकच काढून ठेवतो!" अंगणातून आवाज आला. मी हात खाली घेतला. बापाचा तो आवाज परत आला, हेच मले बरं वाटलं.

पण शिकला बरं तो. मनकर्णाले विचारे, बायायले विचारे, एक दिवस शमीमले पण फोनवर विचारलं, अंडं किती वेळ उकडाचं. पेजेत मुगाची डाळ पडाले लागली. रात्रीच्या भाताले हळद-तिखटाची फोडणी, संगं जवसाची चटणी, कधी उकडलेलं अंडं, कधी ताक. ऑटोत बसताना रीताच्या हाताले फोडणीचा वास येई आन बाकीची पोरं म्हणत, ताई, आज काय होतं?

आन निशा! ती बिचारी ताईच्या ताटाकडे पाहत पाहत ऑटोत चढे. अंगणातली चूल आजाऱ्यासाठी, आन ही धडधाकट. एका सकाळी ती ताटासमोर जाऊन उभी राहिली आन डोकं धरलं.

"बाबा, मले पण चक्कर येऊन राह्यली."

वारलूच्या हातातली पळी खाली पडली. "कधीपासून? कुठी दुखते? पापणी दाखव!"

"पापणी नाई," निशा म्हणे. तिची नजर अंड्यावरून हटेना. "ते अंडं खाल्लं का जाईन, असं वाटते."

मी ऑटोत बसल्या बसल्या पोट धरून हासलो. वारलू पहिले तापला, मंग त्याचाही चेहरा सुटला, आन निशाले अंडं भेटलं. त्या दिवसापासून टोल्यात दोन आजारी झाले.

आठवडा सरत आला तशी रीता पहिल्यासारखी दिसाले लागली. गालावर रंग आला. ऑटोत परत कंडक्टरकी सुरू झाली, "ए, तू तिकडे सरक, तुहं दप्तर खाली ठेव." निशाचं रडणंही थांबलं. मैदानावर मात्र रीता कडेला बसून दुसऱ्या पोरी पळताना पाहे आन गवत उपटत राहे. मी वारलूले म्हटलं, "पाहा गा, पोरगी किती छान झाली."

तर हा म्हणे, "विझता दिवा मोठा होते, नूरभाऊ."

अस्सा संताप आला मले! "थोबाड बंद कर पाटील! पोरगी हासून राह्यली आन तुले दिवे दिसतात?" मी वरडलो खरा, पण ऑटो वळवता वळवता माह्याच डोळ्यात पाणी आलं. बापाचं मन आहे, त्याले आदेशचा वरडा ऐकू येत होता. घरी येऊन शमीमले म्हटलं, त्या पोरीसाठी दुवा कर. ती म्हणे, मी कवाचीच करून राह्यली.

रिपोर्ट आल्याचा फोन आला. वारलूनं लग्नाले घालाचा पांढरा सदरा घातला, आन रीताले घेऊन माह्या ऑटोत बसला. रस्त्यानं मी रेडिओ पण लावला नाई. दवाखान्यात मॅडमनं कागद पाहिला आन हासल्या.

"काका, सिकलसेल नाही."

वारलू पुढे सरकून बसला. "म्हणजे थोडा आहे?"

"थोडाही नाही."

"मंग किती आहे?"

"अहो, नाहीच आहे! आजार नाही, आणि ही वाहकही नाही. पूर्ण नीट आहे हिचं."

वारलूनं माह्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अरे नाई म्हणते ती! नाई म्हणजे नाई!" तरी त्याच्या डोक्यात शिरेना. "मंग पडली काऊन?" तो म्हणे. "आन मी रोज खाऊ घालतो तेव्हापासून चक्कर काऊन नाई आली?"

मॅडमनं खुर्ची रीताकडे वळवली. "आता तू सांग. बाबा बोलणार नाहीत. पडलीस त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतंस?"

वारलूनं तोंड उघडलं होतंच. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"काई नाई," रीता म्हणे.

"आदल्या दिवशी?"

"काई नाई. मोह लागल्यापासून सकाळी काईच नाई."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी चहा आन रात्रीचा भात. तेव्हा कधी नाई पडली मी."

मॅडमनं पेन खाली ठेवला. "काका, रागावत नाही मी. पण बघा, ही संध्याकाळी जेवली. रात्रभर झोपली. उठून पाणी भरलं असेल, झाडलोट केली असेल, शाळेत येऊन उभी राहिली, वरून खो-खो. कशाच्या जोरावर? मोठा माणूस एखादी वेळ ढकलून नेतो. पोरांचं अंग वाढत असतं आणि डोकं शिकत असतं, दोन्हीला सकाळी काहीतरी लागतं. नाही मिळालं तर गरगरतं, चिडचिड होते, फळ्यावरचं दिसतं पण डोक्यात जात नाही. रक्त थोडं कमी आहे, त्याच्या गोळ्या देते. बाकीचं औषध तुम्ही सुरू केलंच आहे."

"कोणतं जी?"

"पेज आणि अंडं."

वारलूनं पोरीकडे पाहिलं. मंग म्हणे, "म्हणजे पोरगी उपाशी होती?"

"हो."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

तसा तो उठला, बाहेरच्या बाकापर्यंत गेला आन धप्पकन बसला. आन रडाले लागला. एवढा मोठा गडी, लग्नाच्या सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसून राह्यला आन रडताना हासून पण राह्यला. बाजूले एक म्हातारी नातवाले घेऊन बसली होती. ती भेली. "काय झालं गा? पोरगी गेली का?"

"नाई वो माय! उपाशी होती! माही पोरगी नुसती उपाशी होती!"

म्हातारीनं याले वरून खाली पाहिलं. तिले वाटलं असंन, याच्या डोक्यावर परिणाम झाला. पण आमचा पाटील थांबते थोडाच? औषधाच्या खिडकीवर तेच सांगितलं. टपरीवाल्याले तेच सांगितलं. "उपाशी होती म्हणे! दुसरं काईच नाई!" पोरगी उपाशी होती म्हणून नाचणारा बाप सिंदेवाहीनं पहिल्यांदाच पाहिला. रीता लाजून ऑटोत जाऊन बसली, पण तिच्याही तोंडावरचं हासू लपेना. माही तर छातीच हलकी झाली होती. पानठेल्यावर भांडण उकरून काढणारा मी, त्या दिवशी ज्यानं ऑटोले मागून धक्का दिला त्याले पण म्हटलं, जाऊ दे भाऊ, होते असं.

गावाबाहेर पडलो आन वारलूचा नाच थांबला. मंग म्हणे, "नूरभाऊ, माह्या कोठीत धान आहे. पुढच्या हंगामापर्यंत पुरून उरन एवढा."

"आहे ना."

"परसात कोंबड्या आहेत. मूग आहे."

"हाव."

"आन पोरगी उपाशी." एवढं म्हणून तो बाहेर पाहाले लागला. मी ऑटो हाकत राह्यलो. कधी बोलाचं नसते हे मलेही समजते.

अंगणात मनकर्णा आन पत्रू वाट पाहून राह्यले होते. मनकर्णानं पोरीचं तोंड पाहिलं, तिथीच तिले समजलं. पोरीले असं आवळलं का रीता म्हणे, "माय, आता तुह्यानं मरन मी." पत्रूनं आभाळाकडे हात जोडले. त्याच्या घरी ते दुःख येऊन बसलेलं, भावाच्या घरी नाई गेलं याचा त्याले केवढा आनंद झाला होता, ते त्याच्या तोंडावर दिसे. पाणी झालं, गूळ झाला. आन मंग वारलू त्या तीन दगडांपाशी जाऊन उभा राहिला.

"आता या चुलीचं काय कराचं?" तो म्हणे. "पोरगी आजारी नाई. आन आजारी नाई, तर अंगणातली चूल कशाले? घरची पेटवतो म्हटलं तर मायचा नेम मोडते."

"कोणता नेम?" पत्रू म्हणे.

"मोहाचा. मोह घरात आल्याशिवाय चूल नाई पेटवाची."

पत्रू त्याच्याकडे पाहतच राहिला. "अरे येड्या, मी आजवर समजे का मनकर्णाचा काई नवस असंन!"

"माहा कुठला नवस?" मनकर्णा म्हणे. "मी समजे का तुमच्या सगळ्या भावायचा नेम आहे!"

पत्रू बाजेवर बसला. तो वारलूपेक्षा पुष्कळ मोठा. "तू लहान होता," तो म्हणे. "मले सगळं आठवते. तेव्हा मोहाच्या दिवसात आपल्या कोठीत दाणा नसे. तू सकाळी उठे आन भुकेनं रडे. माय मोह वेचाले निघाली का तू तिचा पदर सोडेना. मंग ती तुले सांगे, मोह घरात आला का चूल पेटन, बाळा. रडू नको, मोह आला का पेटन. ते फुलंच उकडून खात होतो आपण. चुलीवर ठेवाले दुसरं होतंच काय? नेम कायचा रे? तुले समजवाले सांगे ती."

वारलू त्या दगडांपाशी खाली बसला.

"मायजवळ दाणा असता," वारलू म्हणे, "तर तिनं मले उपाशी ठेवलं असतं का?"

"एक दिवस नाई ठेवलं असतं," पत्रू म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवटच्या टोल्यावर पोहोचलो. पाहतो तर अंगणातले तीन दगड गायब. जागा शेणानं सारवलेली, धूर नाई, काई नाई. माहं टाळकंच सरकलं! म्हटलं, गेला, अडला बैल परत! रिपोर्ट नीट आला आन यानं पोरी उपाशी धाडल्या! हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाई. कोणी बाहेर येईना. तसा मी भांडाले खाली उतरलो आन घरात शिरलो.

उंबरठ्याच्या आत मोहाची टोपली नोती. मनकर्णा अजून झाडाखालीच होती. आन स्वयंपाकघरात घरची चूल पेटलेली. वारलू तिच्यासमोर बसून, दोघी पोरी ताटं घेऊन बाजूले. रीताच्या पायात खो-खोचे बूट.

"पाटील," मी म्हटलं, "मोह तर आला नाई अजून?"

"येईन सावकाश. त्याले काय घाई?" तो पळी हलवत म्हणे. मंग माह्याकडे वळून, "तुमी काय खाऊन निघाले?"

आता सापडलो मी. शमीम रोज म्हणते, पोळी खाऊन जा, आन मी रोज एका चहावर पोरं गोळा कराले निघतो. "बसा," वारलू म्हणे. मी बसलो.

त्यानं गंजावरचं झाकण काढलं. पहिली पळी माह्या ताटात नाई टाकली, पोरीयच्याही नाई. पळसाच्या पानावर काढली आन चुलीच्या बाजूले ठेवली.

"ते कोणासाठी?" निशा म्हणे.

"माह्या मायसाठी," वारलू म्हणे. "तिनं तर कधीच सकाळी खाल्लं नाई."

मंग त्यानं आम्हाले वाढलं. मी हॉर्नचं नाव काढलं नाई, पोरीयचं पोट भरेपर्यंत बसलो.